मॅकसाहेबांचा माग लाळेच्या नळीतून लागेल का?

पुण्याच्या एका ५६ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या आईची आई १९२१ च्या सुमारास इगतपुरीला जन्मली. तिचे वडील रेल्वेतले स्कॉटिश इंजिनिअर होते आणि मुलगी तीन वर्षांची असताना ते मायदेशी निघून गेले, असे घरात दबक्या आवाजात सांगितले जाई. आजी सिन्नरजवळ मावशीकडे वाढली, तिथलेच आडनाव तिला लागले आणि वडिलांची खूण म्हणून तिच्याजवळ एक पितळी बटण तेवढे राहिले. लोक त्या गृहस्थांना ‘मॅकसाहेब’ म्हणत. पूर्ण नाव कोणालाच माहीत नाही. आजीचा गोरा रंग आणि घारे डोळे, एवढाच काय तो पुरावा. लेखिकेची मुलगी सध्या नोकरीनिमित्त ग्लासगोला असते. तिने स्वतःच्या आईसाठी आणि ८१ वर्षांच्या आजीसाठी डीएनए चाचणीचे दोन संच घेतले आहेत. मॅकसाहेबांचे गाव, त्यांचे घराणे म्हणजे क्लॅन आणि तिथली भावंडे यातून सापडतील, अशी मायलेकींना आशा आहे. मात्र ८१ वर्षांच्या आईंनी ‘मला हे नको’ एवढे बोलून विषय संपवला आणि थोरल्या भावाने झाकली मूठ झाकलीच ठेवायला सांगितले. लेखिकेचा प्रश्न असा आहे की आईच्या नकळत तिचा नमुना घ्यावा, फक्त स्वतःचा पाठवावा, की हा नाद सोडावा?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नातल्या पहिल्या पर्यायाचे उत्तर आधी देते, कारण त्यात मला काडीचाही संशय नाही. आईंच्या नकळत त्यांचा नमुना घेऊ नका. हे संच ग्लासगोहून आलेले आहेत आणि तिथल्या कायद्याची माहिती तुमच्या मुलीला असलेली बरी. ब्रिटनच्या २००४ च्या मानवी ऊतकविषयक कायद्यानुसार दुसऱ्या व्यक्तीचा डीएनए तिच्या संमतीवाचून तपासण्याच्या हेतूने तिच्या शरीरातला नमुना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि हे कलम स्कॉटलंडलाही लागू आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी लाळेची चाचणी गुपचूप होण्यासारखी नसते. अर्धा तास पाणीसुद्धा न पिता, नळीवरच्या रेघेपर्यंत, फेस सोडून नुसती लाळ भरावी लागते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड असते, त्यामुळे गाल हलके चोळत, थांबत थांबत पंधरा-वीस मिनिटे बसावे लागते. ती पंधरा-वीस मिनिटे आई तुमच्या शेजारी स्वखुशीने बसल्या, तरच त्या नळीला अर्थ आहे.

आता तुमच्या पत्रात जे गृहीत धरले आहे त्याकडे वळू. पहिले गृहीत घाऱ्या डोळ्यांचे. गोरा वर्ण आणि घारे डोळे यांवरून आजी साहेबाचीच मुलगी, असे घरात पिढ्यान् पिढ्या बोलले गेले असेल, पण आपल्या कोकणात आणि देशावरही घाऱ्या डोळ्यांची असंख्य घरे आहेत आणि त्यांच्या वंशावळीत कोणी साहेब नाही. कथा खोटी आहे असे मी म्हणत नाही. डोळ्यांनी तिची शाबिती होत नाही, एवढेच. नेमके हेच काम डीएनए चाचणी चांगले करते. मॅकसाहेब खरोखरच आजीचे वडील असतील, तर ते तुमच्या आईंचे आजोबा होतात आणि आईंच्या डीएनएत त्यांचा वाटा सरासरी २५ टक्के असतो. तुमच्यात तो सरासरी साडेबारा टक्के आणि तुमच्या मुलीत सव्वासहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. सरासरी म्हणते, कारण प्रत्येक पिढीत आईबापांकडून निम्मा निम्मा वाटा येत असला तरी त्या निम्म्यात कोणत्या आजोबांचे किती यावे, याची वाटणी काटेकोर नसते. तुमच्यात साडेबाराऐवजी नऊ निघाले किंवा सोळा निघाले, तरी त्यात वावगे काही नाही. मात्र युरोपचा अंशच निघाला नाही, तर ती कथा तशी घडली नव्हती असे मानावे लागेल. म्हणजे ‘खरे की खोटे’ एवढाच प्रश्न असेल, तर आईंना त्रास देण्याची गरजच नाही. तुमची एकटीची चाचणी पुरेशी आहे.

पण तुम्हाला गाव हवे आहे, आणि इथे दुसरे गृहीत आड येते. अहवालात नकाशावर रंगवलेला स्कॉटलंड आणि त्याखाली एक टक्केवारी पाहून वाटते की पुढच्या पानावर गावही असेल. ही टक्केवारी म्हणजे अंदाज असतो. ज्यांचे आजी-आजोबा एकाच प्रदेशातले आहेत अशा आजच्या माणसांचे नमुने कंपनी गोळा करते आणि तुमचा डीएनए त्यांच्यातल्या कोणाशी किती जुळतो हे पाहते. नमुन्यांचा साठा बदलला, हिशेबाची रीत बदलली, की तुमच्या डीएनएत काडीचाही फरक न पडता आकडे बदलतात. शिवाय स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि उत्तर इंग्लंड यांच्यात माणसांची ये-जा शतकानुशतके चालू होती. १६०९ पासून तर हजारो स्कॉटिश कुटुंबे आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात सरकारी योजनेने वसवली गेली. त्यामुळे चाचणीने ‘आयर्लंड’ म्हटले म्हणून मॅकसाहेब स्कॉटिश नव्हते असे ठरत नाही, आणि ‘स्कॉटलंड’ म्हटले म्हणून ते तिथेच जन्मले असेही नाही. ‘मॅक’ म्हणजे ‘चा मुलगा’, आणि हे उपपद आयरिश नावांतही तितकेच सर्रास आहे.

क्लॅनविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त ओढ त्या शब्दाची दिसली. आपण क्लॅनचे भाषांतर मनातल्या मनात ‘कुळ’ असे करतो आणि कुळ म्हटले की रक्त आले, कुलदैवत आले. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुले’ असाच आहे, पण प्रत्यक्षात एखाद्या सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली माणसेही त्याचेच नाव लावत. उलट दिशेनेही नावे बदलली. मॅक्ग्रेगर या नावावर १६०३ मध्ये राजाज्ञेने बंदी आली, ते नाव लावणाऱ्याला जिवाची भीती होती, म्हणून ती माणसे शेजारच्या घराण्यांची नावे घेऊन राहिली. मध्ये काही वर्षे सूट मिळाली तरी बंदी कायमची उठली ती १७७४ मध्ये. आपल्याकडचे सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात आणि सगळे कुलकर्णी एका घरचे नसतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच शहाणपणा तिकडच्या आडनावांनाही लावायचा. चौकटीच्या टार्टन कापडाचेही तसेच. १७४६ च्या कायद्याने डोंगरी मुलखातल्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली होती, ती १७८२ मध्ये उठली. अमुक घराण्याची अमुक चौकट ही पक्की वाटणी बहुतांशी त्यानंतरची आहे, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हाच्या समारंभांनी तिला मोठी चालना दिली.

त्यातही रेल्वेचा इंजिनिअर डोंगरी मुलखातल्या क्लॅनमधला असण्यापेक्षा ग्लासगो, डंडी अशा कारखान्यांच्या शहरांतला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तुमची मुलगी राहते त्याच ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात वाफेची इंजिने बनत. १९०३ मध्ये तिथले मोठे कारखाने एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली आणि तिची इंजिने हिंदुस्थानच्या रेल्वेवर धावली. थळ घाटाच्या माथ्यावर इगतपुरीच्या शेडमध्ये काम करणारा माणूस त्या गल्ल्यांतून आला असेल, तर त्याच्या घरी टार्टनपेक्षा हातोडीच जास्त ओळखीची असणार, आणि माझ्या मते तो वारसा टार्टनपेक्षा तसूभरही कमी नाही.

आता चाचणीचा जो भाग खरोखर कामाचा आहे तो सांगते. टक्केवारीचे पान उलटले की जुळणाऱ्या माणसांची यादी येते. त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्या ज्या ज्या व्यक्तीच्या डीएनएचे तुकडे तुमच्याशी जुळतात, तिचे नाव आणि किती जुळते याचे माप तिथे असते. या मापाला सेंटिमॉर्गन म्हणतात. मॅकसाहेबांच्या भावंडांची नातवंडे तुमच्या आईंशी सरासरी २३० सेंटिमॉर्गनच्या आसपास जुळतील, आणि या नात्यात काहीच न जुळणे जवळपास घडत नाही. त्या नातवंडांची मुले तुमच्याशी मात्र सरासरी ७० च्या घरातच जुळतील, आणि दहांतल्या साधारण एका जोडीत तर नाते खरे असूनही काहीच जुळणार नाही. मॅकसाहेबांनी परत जाऊन संसार थाटला असेल, तर त्या सावत्र शाखेतली माणसे याहून ठळक दिसतील. म्हणून वंशाचा शोध घेणारे लोक घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची चाचणी आधी करतात. तुमच्या मुलीने आजीसाठी संच घेतला तो याच विचाराने असणार आणि तिचा तर्क बरोबरच आहे.

तुमच्या बाजूची एक गोष्टही नोंदवते. ज्याचे सगळे पूर्वज स्कॉटिश, त्याला हजारो जुळण्यांमधून एका पणजोबांची शाखा वेगळी काढताना घाम फुटतो. तुमच्या यादीत मात्र ब्रिटिश वंशाचा जो जो ठळक माणूस निघेल, तो बहुधा त्या एकाच पणजोबांच्या बाजूचा असेल. गव्हातून मोहरी वेचण्याइतके ते सोपे आहे. फक्त ही माणसे स्कॉटलंडातच असतील असे धरून चालू नका. डोंगरी मुलखातून कुळवाडी हुसकावले गेले, शहरांतून माणसे कामाच्या शोधात गेली; स्कॉटिश वंशजांची गावेच्या गावे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात आणि न्यूझीलंडच्या डनेडिनच्या परिसरात आहेत. तुमची पहिली जवळची जुळणी कॅनडातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेशी निघाली, तर निराश होऊ नका. तिच्या पणजोबांचे गाव तेच तुमच्या पणजोबांचे गाव असू शकते.

जाहिरातींत पितृवंशाच्या आणि मातृवंशाच्या निराळ्या चाचण्याही दिसतील. त्यावर पैसे घालू नका. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलांकडे. मॅकसाहेबांना तुमच्या माहितीप्रमाणे इथे मुलगीच झाली, म्हणजे त्यांचे वाय गुणसूत्र तिथेच थांबले, आणि आईकडून आईकडे मागे जाणारी तुमची रेषा आजीच्या आईपाशी, म्हणजे इगतपुरीच्या त्या बाईपाशी पोचते. हौसेने तुमच्या भावाने वाय चाचणी केली आणि ‘आर१ए’ असा पितृवंशाचा गट आला, तर एक घोटाळा हमखास होईल. बाराव्या शतकातल्या सोमरलेड या सरदारापासून वंश सांगणाऱ्या मॅक्डॉनल्ड घराण्याच्या प्रमुखांचा गटही आर१ए हाच आहे. पण तो त्या गटाच्या उत्तर युरोपीय फांदीचा, आणि भारतात मुबलक सापडतो तो आर१ए दुसऱ्या फांदीचा. दोन्ही फांद्या हजारो वर्षांपूर्वी फुटल्या. शिवाय तुमच्या भावाचे वाय गुणसूत्र तुमच्या वडिलांकडचे, त्यात आजीच्या माहेरचा संबंधच नाही.

अखंड मातृवंशाची रेषा किती दूरवर जाते, याचे उदाहरण आपल्या जवळच्या सुरतेतलेच आहे. अ‍ॅबर्डीनशायरचा थिओडोर फोर्ब्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. तिथे एलायझा केवार्क या स्त्रीपासून त्याला १८१२ मध्ये कॅथरीन ही मुलगी झाली आणि ती लहानपणीच स्कॉटलंडला पाठवली गेली. राजकन्या डायना या कॅथरीनच्या मुलीच्या मुलीच्या अशा ओळीतल्या. २०१३ मध्ये त्याच ओळीतल्या नातेवाइकांच्या तपासणीत दक्षिण आशियातला मातृवंश आढळला, तर तोवर वंशावळींत एलायझा आर्मेनियन म्हणून नोंदली जात होती. यात मला महत्त्वाचे वाटते ते असे की एलायझाचे नाव डीएनएने सापडले नाही, ते कागदांत होतेच. चाचणीने त्या नावाविषयीची एक समजूत दुरुस्त केली.

तुमच्याकडे नेमके नावच नाही, म्हणून संच उघडण्याआधी कागदांकडे जा. या बाबतीत स्कॉटलंडसारखी सोय फार थोड्या देशांत आहे. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची नोंदणी आहे. जन्माच्या नोंदीत आईबापांच्या विवाहाची तारीख आणि ठिकाण असते. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या दोन्ही पालकांची नावे आणि आईचे माहेरचे आडनावही असते. दर दहा वर्षांच्या शिरगणतीची पाने १८४१ ते १९२१ पर्यंतची पाहता येतात. हे सगळे एडिंबऱ्यातल्या ‘स्कॉटलंड्‌स पीपल’ या सरकारी दफ्तरात आणि त्याच्या संकेतस्थळावर मिळते. मुलीला एखाद्या दिवशी ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयातही जाऊ दे, तिथे शहराचे अभिलेखागार आहे.

त्याआधी इकडचा धागा शोधायचा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत आणि विलायतेतून इथल्या रेल्वेवर नेमलेल्या माणसांच्या नोंदीही तिथेच आहेत. ‘फॅमिली सर्च’ या वंशावळींच्या संकेतस्थळावर हिंदुस्थानातल्या बाप्तिस्म्यांची सूची विनामूल्य चाळता येते. १९१९ ते १९२४ हा काळ, इगतपुरी हे ठिकाण आणि रेल्वे हा व्यवसाय धरून ‘मॅक’ची यादी केलीत, तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघण्याचा संभव आहे. आणि ते बटण भिंगाखाली धरा. गणवेशाच्या बटणावर पुढे कंपनीची अक्षरे असतात, आणि मागच्या बाजूला, जिथे दोरा ओवतात त्या कडीभोवती, बनवणाऱ्याचे नाव आणि शहर गोल कोरलेले असते. लिंबू-चिंच लावून घासू नका, अक्षरे झिजतील. मऊ कापडाने पुसा आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. ते बटण रेल्वेचे न निघता पलटणीचे निघाले, तर सगळा शोध दुसऱ्याच दफ्तरात करावा लागेल.

माहितीच्या गुप्ततेविषयी थोडक्यात सांगते. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए चाचणीच्या मोठ्या कंपनीकडची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. चाचणी केलीत तर नमुना नष्ट करण्याचा आणि संशोधनाला संमती न देण्याचा पर्याय आधी वाचा, यादीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे ठेवा, आणि भावाला कल्पना द्या, कारण तुमच्या डीएनएचा निम्मा भाग त्याच्याशीही सामाईक आहे.

पुढे कोणी जवळचे सापडले, तर पहिले पत्र चार ओळींचे असू द्या. तुमची आजी कुठे आणि साधारण केव्हा जन्मली, किती सेंटिमॉर्गन जुळतात, आणि त्यांच्या घरात १९२० च्या सुमारास कोणी हिंदुस्थानात होते का, एवढेच विचारा. सोडून गेल्याचा उल्लेख पहिल्या पत्रात नको. तुमच्या घरी ती शंभर वर्षांची जखम आहे. त्यांच्या घरी ती बातमी असेल, आणि ती आजोबांच्या फोटोकडे पाहत ऐकावी लागेल. उत्तर आले नाही, तर दुसऱ्यांदा एकदाच लिहा आणि थांबा.

आता आईंकडे येते. ‘मला हे नको’ या शब्दांना तुम्ही अडथळा समजलात, पण मला त्यात एक मुलगी दिसते, जिने शाळेत, पाणवठ्यावर, कदाचित स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत ‘गोऱ्याची नात’ हे शब्द ऐकले असतील. तुम्हाला जो शोध हवासा वाटतो, तो तुमच्या वाट्याला ते टोमणे आले नाहीत म्हणून. फक्त स्वतःची चाचणी करायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मी तरी त्याच पर्यायाकडे झुकते; पण तुमच्या अहवालातला युरोपचा प्रत्येक टक्का आईंच्याच वाटेने आलेला असणार, म्हणजे त्यांनी नको म्हटलेले उत्तर तुमच्या नळीतूनही बाहेर येणारच. म्हणून ते त्यांना आधी सांगा: ‘मी माझी करते आहे, निकाल तुला ऐकायचा नसेल तर तुझ्यासमोर काढणार नाही.’ आणि ते शब्द पाळा. त्यांचा संच कपाटात राहू द्या. त्यावर मुदत छापलेली असते, ती टळली तर टळू द्या.

पण डीएनएखेरीज आईंकडे आणखी काही आहे, जे कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. एखाद्या दुपारी, चाचणीचा विषय न काढता, ते बटण त्यांच्या हातावर ठेवून शेजारी बसा. ‘मॅकसाहेब’ हे नाव गावाने दिलेले. आजी स्वतः आपल्या वडिलांना काय म्हणत असे, हे तुमच्या पाच पानी पत्रात कुठेही आलेले नाही. तेवढे विचारा, आणि त्या जे म्हणतील ते जसेच्या तसे, त्यांच्या उच्चारात लिहून घ्या.